एकाच संगणकावर अनेक पायथॉन

पायथॉन भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम सहसा एकटा चालत नाही. इंटरनेटवरून एखादे पान मागवायचे असेल तर प्रोग्रॅमर त्यासाठीचा सगळा कोड स्वतः लिहीत बसत नाही. ‘रिक्वेस्ट्स’ नावाचे तयार पॅकेज इन्स्टॉल करतो. हे पॅकेज आपल्यासोबत आणखी चार पॅकेजेस आणते. त्यांतले एक आंतरराष्ट्रीय वेबपत्ते हाताळते, दुसरे मजकुराचे एन्कोडिंग ओळखते, तिसरे प्रत्यक्ष जोडणी करते आणि चौथ्यात विश्वासार्ह डिजिटल प्रमाणपत्रांची यादी असते. तक्त्यांतली आकडेमोड करण्यासाठी ‘पांडाज’ घेतले की त्यामागोमाग ‘नमपाय’ येते. म्हणजे मागितलेली पॅकेजेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असली, तरी संगणकावर उतरलेली त्याच्या कित्येक पट असतात. ती वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असतात, आणि प्रत्येकाची नवी आवृत्ती आपापल्या वेळापत्रकाने निघत असते.

यातून दोन कामे उभी राहतात. एका प्रकल्पाची पॅकेजेस दुसऱ्याच्या आड येऊ द्यायची नाहीत, हे पहिले. आणि ती वेळोवेळी ताजी ठेवायची, हे दुसरे. ही कामे बहुधा स्वतंत्रपणे शिकवली जातात. प्रत्यक्षात पहिले नीट झाले असेल तरच दुसरे निर्धास्तपणे करता येते.

एका जागी एकच आवृत्ती

पायथॉन बाहेरून आणलेली पॅकेजेस ‘साइट-पॅकेजेस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. या फोल्डरमध्ये एका पॅकेजची एका वेळी एकच आवृत्ती राहू शकते. नवी आवृत्ती इन्स्टॉल केली की जुनी पुसली जाते. संगणकावर एकच प्रकल्प असेल तोवर याने काही बिघडत नाही. दुसरा प्रकल्प आला, आणि त्याला त्याच पॅकेजची वेगळी आवृत्ती हवी असली, की पंचाईत होते.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण नमपायचे आहे. वैज्ञानिक आकडेमोडीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या या पॅकेजची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली होती, २.० आली ती १६ जून २०२४ रोजी. इतक्या वर्षांत साचलेली काही नावे नव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. ‘संख्या नाही’ हे दाखवणारे मूल्य आधी दोन-तीन प्रकारे लिहिता येत असे, २.० मध्ये त्याचे सगळे लहान अक्षरांतले एकच रूप राहिले. असे बदल शोधून दुरुस्त करता येतात. अडचणीचा बदल आतला होता. नमपायवर आधारलेल्या अनेक पॅकेजेसचा वेगाने चालणारा भाग सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला असतो, आणि नमपाय आपली माहिती मेमरीत नेमकी कशी मांडते हे गृहीत धरूनच तो बनलेला असतो. ती मांडणी बदलल्यामुळे नमपाय १ धरून कंपाइल केलेली पॅकेजेस नमपाय २ सोबत सुरूच होईनात. ज्यांनी आपल्या यादीत आवृत्ती न नोंदवता नुसते ‘नमपाय’ एवढेच लिहिले होते, त्यांच्या बाबतीत विचित्र प्रकार घडला. जुन्या संगणकावर प्रोग्रॅम सुरळीत चालत होता आणि नव्याने इन्स्टॉल केलेल्या संगणकावर तोच प्रोग्रॅम पहिल्याच ओळीत अडत होता. कोडमध्ये मात्र एका अक्षराचाही फरक नव्हता.

दुसरा धोका खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमला असतो. लिनक्सच्या अनेक वितरणांची स्वतःची हत्यारे पायथॉनमध्येच लिहिलेली आहेत. उदाहरणार्थ, फेडोरा आणि रेड हॅटच्या जगात पूर्वी वापरले जाणारे ‘यम’ हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याचे साधन. प्रोग्रॅमरने मुख्य अधिकार वापरून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये एखादे पॅकेज बदलले, तर अशी हत्यारे बंद पडू शकतात. हे वारंवार घडल्यामुळे पायथॉनच्या ‘पेप ६६८’ या प्रस्तावाने वितरणांना आपला पायथॉन ‘बाहेरून व्यवस्थापित’ म्हणून राखून ठेवण्याची सोय दिली. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ती लागू झाली. तेव्हापासून तिथे सिस्टिमच्या पायथॉनमध्ये ‘पिप’ या पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने थेट पॅकेज टाकू गेले की पिप नकार देते आणि वेगळे एन्व्हायर्नमेंट तयार करायला सुचवते.

वेगळे एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय

इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन तयार केले. पुढच्याच वर्षी त्यांनी पिपही आणले. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.३ मध्ये हीच कल्पना ‘व्हेन्व’ या नावाने भाषेचाच भाग झाली. आज एका ओळीच्या कमांडने प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर तयार होते, आणि तेच त्या प्रकल्पाचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट.

हे फोल्डर उघडून पाहिले तर आत फारसे काही नसते. एक उपफोल्डर कमांडचे, त्यात मूळ पायथॉनकडे नेणारा दुवा किंवा त्याची छोटी प्रत. दुसरे उपफोल्डर स्वतंत्र ‘साइट-पॅकेजेस’चे, सुरुवातीला जवळजवळ रिकामे. आणि काही ओळींची एक मजकुराची फाइल. मूळ पायथॉन संगणकावर कुठे आहे, त्याची आवृत्ती कोणती आणि सिस्टिमची पॅकेजेस या प्रकल्पाला दिसू द्यायची की नाही, एवढेच त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. पायथॉन सुरू होताना ही फाइल आपल्या आसपास आहे का ते पाहतो. सापडली तर पॅकेजेस शोधायला या नव्या फोल्डरमध्ये जातो. पायथॉनची संपूर्ण प्रत होत नाही, म्हणून असे एन्व्हायर्नमेंट काही सेकंदांत तयार होते.

एन्व्हायर्नमेंट ‘ॲक्टिव्हेट’ करणे याभोवती नवशिक्यांच्या मनात बरेच गूढ असते. ॲक्टिव्हेट केल्याने मुख्यतः एकच गोष्ट होते: कमांड शोधण्याच्या मार्गांच्या यादीत प्रकल्पाचे कमांड-फोल्डर सर्वांत पुढे येते. त्यामुळे नुसते ‘पायथॉन’ टाइप केले तरी प्रकल्पाचा पायथॉन चालू होतो. ॲक्टिव्हेट न करता त्या फोल्डरमधल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता दिला तरी परिणाम तोच. सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांसाठी हीच पद्धत अधिक भरवशाची ठरते.

एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर दुसरीकडे हलवले तर ते बिघडते, कारण त्यातल्या अनेक कमांड-फाइल्सच्या पहिल्या ओळीत पायथॉनचा संपूर्ण पत्ता कोरलेला असतो. सहकाऱ्याला ते झिप करून पाठवण्यात म्हणूनच अर्थ नसतो. पायथॉनच्या अधिकृत माहितीतही हे फोल्डर टाकाऊ समजावे, केव्हाही पुसून नव्याने उभारता यावे आणि ते गिटसारख्या कोडच्या नोंदवहीत ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पायथॉन ३.१३ पासून तर व्हेन्व गिटला हे फोल्डर वगळायला सांगणारी फाइल आपणहून तयार करते. या विषयाची किल्ली इथेच आहे. एन्व्हायर्नमेंट जपून ठेवायचे नसते. जपायची असते ती ज्यावरून ते उभे करता येते ती यादी.

वेगळेपणाच्या पायऱ्या

व्हेन्वने वेगळी होतात ती फक्त पायथॉनची पॅकेजेस. ती सुरक्षेची भिंत नव्हे. एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकलेले पॅकेज वापरकर्त्याच्या सगळ्या फाइल्स वाचू शकते. डेटाबेसची किंवा चित्रे हाताळणारी सी भाषेतली लायब्ररी लागत असेल, तर ती सिस्टिमचीच घेतली जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी वैज्ञानिक क्षेत्रात २०१२ पासून ‘कोंडा’ वापरात आले. ते पायथॉनखेरीज इतर भाषांतल्या लायब्ररीही त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये आणते.

पुढची पायरी कंटेनरची. एखाद्या प्रोग्रॅमला फाइल्सचा ठरावीक भागच दिसू देण्याची सोय युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. लिनक्सच्या गाभ्यात पुढे प्रोग्रॅमना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याच्या आणि त्यांच्या मेमरी-प्रोसेसरवर मर्यादा घालण्याच्या सोयी आल्या. २०१३ मध्ये ‘डॉकर’ने त्या सगळ्या एका सोप्या कमांडमागे आणल्या. कंटेनरमध्ये प्रकल्पासोबत ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीही येतात, पण लिनक्सचा गाभा सामाईक राहतो. तोही वेगळा हवा असेल तर संपूर्ण व्हर्च्युअल मशीन घ्यावे लागते. पायरी जितकी वरची तितकी मेमरी, डिस्क आणि देखभाल जास्त. साध्या प्रकल्पाला व्हेन्व पुरते. सर्व्हरवर जाणाऱ्या सेवेला बहुधा कंटेनर लागतो.

जावास्क्रिप्टच्या जगात ही वाटणी आधीपासूनच रुळलेली आहे. तिथले ‘एनपीएम’ मुळातच पॅकेजेस प्रत्येक प्रकल्पाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवते, आणि एकाच प्रकल्पात एका पॅकेजच्या दोन आवृत्त्याही नांदू शकतात. त्याबद्दलची किंमत डिस्कवरच्या जागेत मोजावी लागते.

दोन याद्या

प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजेसची नोंद दोन पातळ्यांवर ठेवावी लागते. पहिली यादी प्रोग्रॅमर स्वतः लिहितो: कोणती पॅकेजेस हवीत आणि कोणत्या मर्यादेत. ‘नमपाय, २ च्या खालची’ किंवा ‘जँगो, ५ च्या मालिकेतली’ अशा त्यातल्या नोंदी. दुसरी यादी साधन तयार करते. तिला ‘लॉक फाइल’ म्हणतात. मागितलेल्या आणि त्यांच्या मागून आलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि त्या फाइलचा ‘हॅश’, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक, असे सगळे त्यात असते. वाणसामानाची यादी आणि दुकानदाराने दिलेले बिल यांच्यात जो फरक, तोच या दोहोंत. यादीत ‘तूरडाळ’ एवढेच असते. बिलात कोणत्या कंपनीची, किती वजनाची आणि कोणत्या दराची हे असते.

दोन्ही लागतात. फक्त पहिली ठेवली, तर आज आणि सहा महिन्यांनी उभारलेली एन्व्हायर्नमेंट्स वेगळी निघतात. फक्त दुसरी ठेवली, तर कोणते पॅकेज मुद्दाम घेतले आणि कोणते आपसूक आले याचा पत्ता लागत नाही. ‘पिप फ्रीझ’ या कमांडची मर्यादा हीच आहे. ती इन्स्टॉल असलेले सगळे एकाच यादीत ओतते. आपण मागितलेले आणि मागून आलेले यांत भेद करत नाही. रूबी, जावास्क्रिप्ट आणि रस्ट या भाषांत लॉक फाइल बरीच आधी रुळली. पायथॉनमध्ये ‘पोएट्री’, ‘युव्ही’ अशा प्रत्येक साधनाने आपापला नमुना चालवला. सर्वांसाठी समान नमुना ठरवणारा ‘पेप ७५१’ हा प्रस्ताव २०२५ मध्ये मंजूर झाला.

हॅशचा उपयोग मोठा आहे. त्याच नावाची आणि त्याच आवृत्तीची फाइल कुणी मध्येच बदलली, तर तिचा हॅश जुळत नाही आणि इन्स्टॉल करणे थांबते.

आवृत्तीचे तीन आकडे

कोणती आवृत्ती घ्यायची हे ठरवताना तिच्या आकड्यांचा आधार घेतला जातो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या संकेतानुसार आवृत्तीचे तीन भाग असतात. २.४.१ मध्ये शेवटचा आकडा वाढला तर केवळ दुरुस्ती झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, पण जुने चालू आहे. पहिला वाढला तर जुना कोड मोडू शकतो. साधने यावरूनच ‘पहिला आकडा बदलू नको, बाकीचे नवे घे’ असे नियम पाळतात.

हा संकेत आहे, हमी नव्हे. दुरुस्ती म्हणून केलेला बदल कुणाच्या तरी कोडला बाधतोच. शिवाय सगळे प्रकल्प हा संकेत पाळत नाहीत. उबुंटू आणि पिप यांच्या आवृत्त्या वर्षावरून ठरतात. पायथॉन भाषाही मधला आकडा वाढवताना जुन्या गोष्टी काढून टाकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून पॅकेजेस बांधण्यासाठी वापरला जाणारा ‘डिस्टयुटिल्स’ हा जुना भाग गेला, आणि त्यावर विसंबलेली कितीतरी पॅकेजेस ३.११ वर चालत असूनही ३.१२ वर इन्स्टॉल होईनाशी झाली. पूर्वसूचना बरीच आधी दिलेली होती. इशाऱ्यांच्या त्या ओळी वाचल्या मात्र थोड्यांनीच.

जुने ठेवण्याची किंमत

चालते आहे त्याला हात लावू नये, हा सल्ला सॉफ्टवेअरला पुरता लागू पडत नाही. कारण कोड तोच राहिला तरी भोवतालचे जग बदलते. रिक्वेस्ट्ससोबत येणाऱ्या ‘सर्टिफाय’ या पॅकेजमध्ये कोणत्या प्रमाणपत्र संस्थांवर विश्वास ठेवायचा याची यादी असते. जुलै २०२४ च्या आवृत्तीत ‘ग्लोबलट्रस्ट’ या संस्थेची मूळ प्रमाणपत्रे यादीतून वगळण्यात आली. ज्याने ही आवृत्ती घेतली नाही, त्याचा प्रोग्रॅम वगळलेल्या संस्थेवर विश्वास ठेवतच राहतो.

याहून गंभीर प्रकार ज्ञात त्रुटींचा. अमेरिकेतल्या ‘इक्विफॅक्स’ या पतमाहिती कंपनीच्या एका वेबसाइटमागे ‘अपाची स्ट्रट्स’ ही वेब ॲप्लिकेशन बांधण्याची चौकट होती. त्यातल्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली. ती त्या ठिकाणी बसवली गेली नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. दुरुस्ती उपलब्ध होती, ती पोहोचली नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या ‘लॉगफोरशेल’ने दुसरा धडा दिला. जावा प्रोग्रॅममधल्या नोंदी लिहिणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत अशी त्रुटी होती, की एक विशिष्ट मजकूर नोंदीत उतरला तरी बाहेरचा कोड त्या सर्व्हरवर चालवता येई. गांभीर्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. अनेक संस्थांना दुरुस्ती बसवण्यापेक्षा ही लायब्ररी आपल्याकडे कुठे-कुठे आहे हे शोधणे अवघड गेले. ती कुणी मुद्दाम मागितलेली नव्हती, दुसऱ्या पॅकेजच्या मागून आलेली होती. लॉक फाइल असलेल्या प्रकल्पात हा शोध एका ओळीचा असतो. सॉफ्टवेअरच्या घटकांची अशी यादी ठेवण्याबाबत भारतातल्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेनेही २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

नव्याच्या घाईची किंमत

नवी आवृत्ती निघाल्याबरोबर घेणेही बिनधोक नसते. पॅकेजेस दरवेळी इंटरनेटवरून नव्याने उतरवण्यातही जोखीम असते. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रॅमरने वादातून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ होते: मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारे, जेमतेम ११ ओळींचे. त्यावर आडून अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर थांबली. शेवटी एनपीएमनेच ते पॅकेज परत आणले.

२०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. ती घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षे मदतनीस म्हणून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याची शंका आली आणि २९ मार्च रोजी प्रकार उघडकीला आला. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः लिनक्स वितरणांच्या चाचणी शाखांतच पोहोचल्या होत्या. स्थिर शाखा वापरणारे बचावले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’ या एनपीएमवरच्या अतिशय लोकप्रिय पॅकेजेसच्या बनावट आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या, कारण फसव्या ईमेलमधून त्यांच्या सांभाळकर्त्याचे खाते हल्लेखोरांच्या हाती गेले. त्या आवृत्त्या काही तासांत हटवल्या गेल्या. जे त्या तासांत अपडेट करत होते तेच सापडले.

यावरून एक मधला मार्ग रूढ होत आहे. सुरक्षेची दुरुस्ती लगेच घ्यावी; इतर आवृत्त्या निघाल्यावर आठवडाभर थांबून घ्याव्यात. असा कालावधी ठरवून देण्याची सोय आता अनेक साधनांत आहे.

अपडेटची शिस्त

नियमित अपडेटचा क्रम साधा आहे. आधी काय जुने झाले आहे ते पाहावे. पिप स्वतःच जुन्या पॅकेजेसची यादी नव्या आवृत्तीसह दाखवते. ज्ञात त्रुटी आहेत का, हे ‘पिप-ऑडिट’सारख्या साधनाने तपासावे. पहिला आकडा बदलणारी अपडेट्स बाजूला काढून ती एकेक करून घ्यावीत आणि प्रत्येकाआधी बदलांची टिपणे वाचावीत. लहान अपडेट्स एकत्र घेतली तरी चालतात.

चालू एन्व्हायर्नमेंटमध्येच पॅकेजेस वरचेवर बदलत राहणे टाळावे. तसे केले की जुने अवशेष मागे राहतात आणि नोंदलेली यादी व प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर पडते. लॉक फाइल नव्याने तयार करून तिच्यावरून कोरे एन्व्हायर्नमेंट उभारावे, त्यावर प्रकल्पाच्या चाचण्या चालवाव्यात आणि त्या यशस्वी झाल्या तरच नवी लॉक फाइल गिटमध्ये नोंदवावी. काही बिघडलेच तर आधीची लॉक फाइल परत घेऊन एन्व्हायर्नमेंट पुन्हा बांधले, की काम पूर्ववत होते. ‘डिपेंडाबॉट’ आणि ‘रेनोव्हेट’ ही साधने यातला शोधण्याचा आणि प्रस्ताव मांडण्याचा भाग आपोआप करतात. तो स्वीकारायचा की नाही हे चाचण्या आणि माणूस मिळून ठरवतात. चाचण्याच नसतील, तर अपडेट म्हणजे अंदाजपंचे कारभार होतो.

पायथॉनचीही मुदत लक्षात ठेवावी लागते. प्रत्येक मधल्या आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. पायथॉन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. ३.० आवृत्ती २००८ मध्येच आली होती, तरी पुष्कळ संस्थांचे स्थलांतर शेवटपर्यंत रेंगाळले. दरवर्षी एक पायरी चढणे सोपे असते. दहा पायऱ्या एकदम चढताना प्रत्येक पॅकेज एकाच वेळी बदलावे लागते आणि चूक नेमकी कुठे झाली ते कळत नाही.

एखाद्या प्रकल्पाची व्यवस्था कशी आहे, हे जोखण्याची कसोटी सोपी आहे. एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर पुसावे आणि नोंदलेल्या यादीवरून ते पुन्हा उभे करावे. काही मिनिटांत प्रकल्प पूर्वीसारखा चालू झाला, तर वेगळेपणाही साधला आहे आणि अपडेटची वाटही मोकळी आहे. फोल्डर पुसण्याची धास्ती वाटत असेल, तर प्रकल्पाची काही माहिती कोणत्याही यादीत नाही, फक्त त्या संगणकावर आहे, असा त्याचा अर्थ. अशा प्रकल्पात आधी यादी पूर्ण करावी, अपडेट त्यानंतर.